सीडी-फोरचा रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं

परवा परळच्या पुलावर गर्दीत अडकलो होतो, तेवढ्यात मित्राने रिपोर्टचा फोटो टाकला, सीडी-फोर १८०, खाली एकच ओळ: "भावा, संपलं का?"

नाही रे. आधी ही पेशी करते काय ते समजून घे, नाहीतर नुसता आकडा बघून बीपी वाढतं. सीडी-फोर म्हणजे रक्तातली एक पांढरी पेशी, इम्युनिटीच्या गोदीतला मुकादम. स्वतः गोणी उचलत नाही, पण कोणी उचलायची आणि कधी थांबायचं हे तोच ठरवतो. एचआयव्ही नेमका त्यालाच धरतो, आत शिरून स्वतःच्या आरएनएचा (म्हणजे त्याच्या जनुकांच्या मजकुराचा) डीएनए बनवतो, तो पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि तिथूनच कॉप्या काढत बसतो. पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-फोरचा फडशा पडतो, मग आतड्याची भिंत गळकी होते, जंतूंचे तुकडे रक्तात येतात आणि बाकीच्या पेशी चोवीस तास अलर्टवर राहतात. म्हणजे इम्युनिटी नुसती बंद पडत नाही, मुकादम नाही म्हणून आधी बेशिस्त होते: बी पेशी ढिगाने अँटिबॉडी काढतात, त्यातल्या बऱ्याच बिनकामाच्या, आणि मारेकरी सीडी-एट लढून लढून थकून जातात.

आता रिपोर्ट. मोठ्या माणसात रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० ते १५०० नॉर्मल, २००च्या खाली गेलं की एड्स म्हणतात. पण एका आकड्यावर जाऊ नकोस, साधा ताप असला तरी तो घसरतो, सकाळी कमी संध्याकाळी जास्त येतो, म्हणून दरवेळी तीच लॅब आणि साधारण तीच वेळ ठेव. शेजारी टक्केवारी असते (लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत सीडी-फोर किती), ती एवढी हलत नाही, १४च्या खाली असेल तर मात्र सिरियस घ्यायचं. सीडी-फोर आणि सीडी-एटचा रेशो एकच्या खाली दिसेल, तो वर यायला वर्षं लागतात, काहींचा येतच नाही. एचआयव्हीच्या गोळ्या लागू पडतायत का ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावरून कळतं, सीडी-फोरवरून नाही.

काउंट कितीही असो, गोळ्या लगेच सुरू होतात, सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या उपचाराचं केंद्र) फुकट. २००च्या खाली असशील तर खोकला, रात्रीचा घाम, वजन उतरणं आपणहून सांग, डॉक्टर आधी टीबी बघतील. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अचानक ताप आला किंवा गाठी सुजल्या तर कधीकधी ती जागी झालेली इम्युनिटीच असते, लपलेल्या जंतूवर तुटून पडते. लगेच सेंटरला दाखव, पण स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नकोस.

काही अडलं तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे. आणि सीडी-फोरला उपाशी जायची गरज नाही, जांभळ्या झाकणाची एक ट्यूब भरतात बस, चहा-पाव खाऊन जा.