रेडिओवरची जुनी लोकगीतं : टेप शोधताना आणि वाजवताना या चुका टाळा

ट्रंकेत टेप तीस-चाळीस वर्षं निवांत पडून राहते आणि सापडल्यावर आठवड्याभरात तिची वाट लागते. कारण उत्साह. कॅसेट हाती आली की पहिला हात प्ले बटणाकडे जातो, दुसरा मोबाइलच्या रेकॉर्डरकडे. शोधताना चूक झाली तर वेळ वाया जातो, तो भरून काढता येतो. वाजवताना झालेली चूक भरून निघत नाही. म्हणून शोधाच्या चुका थोडक्यात आणि टेपेच्या जरा सविस्तर.

'रेडिओवर ऐकलं' म्हणजे 'रेडिओनं मुद्रित केलं' असं धरून चालणं

'कामगारसभा' किंवा 'आपली आवड'मध्ये ऐकलेली कितीतरी लोकगीतं बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांवरची होती. ती आकाशवाणीच्या संग्रहात शोधत बसण्यात अर्थ नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावतात. गाणं तेवढ्यात गुंडाळलेलं असेल आणि मागे नियमित 'टक्-टक्' असेल, तर घड्याळ लावून मोजा. दहा सेकंदांत तेरा वेळा टक् आलं तर ती ७८ची तबकडी, साडेपाचच्या आसपास आलं तर ३३⅓ची एलपी. मग शोध तबकड्यांच्या संग्राहकांकडे घ्यायचा. मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे, सुरुवात तिथून करा.

स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण वेगळं ओळखू येतं. निवेदक 'आणि साथीदार' म्हणतो, गोंधळ किंवा भारूड दहा-दहा मिनिटं चालतं, दोन गीतांच्या मध्ये खोलीची शांतता ऐकू येते. पण यातलं बरंचसं थेट प्रसारित व्हायचं. टेपवर घेतलेलंही पुष्कळ पुसून त्यावर नवा कार्यक्रम घेतला जाई, कारण टेप महाग होती. त्यामुळे एखाद्या पोवाड्याची एकुलती एक प्रत कुणीतरी टू-इन-वनवर (रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरवर) घरी भरून घेतलेली असू शकते. केंद्रानं 'नाही' म्हटलं म्हणून शोध संपत नाही.

भलत्याच केंद्राला पत्र धाडणं

आकाशवाणीचं जळगाव केंद्र १९७६चं, रत्नागिरी १९७७चं. त्याआधी खानदेशातला वहीगायनाचा संच किंवा कोकणातलं नमन मुंबई-पुण्याला जाऊन मुद्रित झालेलं असण्याची शक्यता जास्त. पुणे केंद्र १९५३चं, सांगली १९६३चं, नागपूर १९४८चं. कलावंत कुठला होता यापेक्षा त्या साली त्याला जवळचं केंद्र कुठलं होतं, हे आधी पाहा.

'सत्तरच्या दशकातलं एक गोंधळगीत हवं आहे' असं पत्र टेप लायब्ररीत कुणाच्याच उपयोगाचं नाही. मुख्य कलावंताचं नाव, गीताची पहिली ओळ, कार्यक्रमाचं नाव आणि प्रसारणाचा महिना-साल, एवढं तरी द्या. साल मिळवायची उत्तम जागा म्हणजे कलावंताचं घर. आकाशवाणी कलावंताला करारपत्र पाठवायची. त्यावर तारीख, वेळ आणि मानधन असतं, आणि मानधनाचा कागद म्हणून तो घरात जपून ठेवलेला असतो. घरच्यांना 'रेकॉर्डिंग आहे का?' विचारण्याआधी 'रेडिओची पत्रं आहेत का?' विचारा. १९५८च्या आधीचा कार्यक्रम असेल तर 'द इंडियन लिसनर' या आकाशवाणीच्या नियतकालिकात मुंबई केंद्राचे रोजचे कार्यक्रम छापून येत, त्याचे अंक इंटरनेट आर्काइव्हवर चाळता येतात. त्यानंतरच्या काळासाठी मराठी दैनिकांतली 'आजचे आकाशवाणी कार्यक्रम' ही चौकट आहे.

माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज अमुक ध्वनिमुद्रण नोंदवहीत आहे का, हे विचारायला चांगला. गाण्याची प्रत त्या वाटेनं मागू नका, त्यासाठी केंद्राकडे वेगळा अर्ज लागतो.

टेपवर जाहिराती ऐकू आल्या तर तेही तारखेचं साधन आहे. विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरला जाहिराती १ नोव्हेंबर १९६७पासून सुरू झाल्या. 'विविध भारती' आणि साबणाची जाहिरात एकत्र ऐकू आली, की टेप त्यानंतरची.

सापडली की लगेच लावणं

कॅसेट असेल तर सगळ्यात आधी मागच्या कडेवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे पत्रे मोडून टाका. डाव्या हाताचा पत्रा समोर दिसणाऱ्या बाजूचा, उजवा पलीकडच्या बाजूचा. हे पत्रे शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर त्या सेकंदापासून वासुदेवाच्या जागी तुमचा दिवाणखाना ऐकू येईल. आधीच कुणी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली असेल तर ती काढा.

मग खिडकीपाशी धरून फिरकीच्या कडेकडे पाहा. पांढरी पावडर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी टेप लावली की बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपेला. नाकाला फडकं बांधून ती वेगळी ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन आठवडे सुकू द्या, नंतर घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशनं कडा झटका. उन्हात वाळवू नका. कुरडया आणि टेपा यांत फरक आहे. उन्हानं कॅसेटचं कवच वाकतं आणि मोठ्या स्पूलचे (उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या टेपेचे) वेढे सैल-घट्ट होऊन कडा लाटांसारख्या होतात.

मोठा स्पूल असेल तर तो उजेडापुढे आडवा धरा. वेढ्यांतून उजेड आरपार येत असेल तर टेपेचा पाया, म्हणजे मूळ प्लास्टिक, ॲसिटेटचा, काळाकुट्ट दिसला तर पॉलिएस्टरचा. हा फरक पुढच्या प्रत्येक निर्णयाला लागतो. ॲसिटेट ठिसूळ होऊन कडकन तुटतो, पण तुकडे नीट जुळतात. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणला जातो आणि ताणलेला भाग कायमचा बिघडतो. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट कुजायला लागला आहे. ती टेप बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि रांगेत पहिला नंबर तिचा लावा.

वाजताना टेप चीं-चीं करत असेल आणि हेडवर, म्हणजे यंत्रात टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिकट थर जमत असेल, तर टेप तत्क्षणी थांबवा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा गोंद हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, आणि कोकण-गोव्याच्या हवेत तर विशेष. त्यावर उपाय आहे : पन्नास ते चोपन्न अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत आठ तास किंवा जास्त, तेही तापमान नेमकं राखणाऱ्या डिहायड्रेटरमध्ये (पदार्थ सुकवायच्या यंत्रात). स्वयंपाकाच्या ओव्हनचा काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होतो, तिथे हा प्रयोग नको. ॲसिटेटला तर ही उष्णता कधीच द्यायची नाही. आणि ही टेप एकुलती एक प्रत असेल तर घरी हातच लावू नका, तज्ज्ञाकडे द्या.

पहिल्यांदा फास्ट फॉरवर्ड किंवा रिवाइंड करू नका. वर्षानुवर्षं न हललेले वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. षटकोनी पेन्सिल फिरकीत घालून आधी चार-पाच फेरे हातानं सोडवा, मग एक पूर्ण बाजू साध्या वेगानं पुढे जाऊ द्या.

यंत्राकडे दुर्लक्ष

यूएसबीची दोर लटकणारे स्वस्त 'कॅसेट कन्व्हर्टर' विकत घेऊ नका. त्यांची मोटर हेलकावते आणि पेटीचा लांब स्वर पाण्यावरच्या सावलीसारखा थरथरतो. जुना बरा डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र), नवा पट्टा घातलेला, केव्हाही चांगला.

लावण्याआधी हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा धातूचा बारीक दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला ते लावू नका, रबर कडक होतं. त्याला पाण्यात किंचित बुडवलेलं फडकं पुरे. टेप लावण्याआधी दहा मिनिटं सुकू द्या.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत असेल तर बहुतेक वेळा टेप मेलेली नसते, हेडचा कोन जुळत नसतो. ज्या टू-इन-वननं ती भरली त्याचा कोन वेगळा होता, तुमच्या डेकचा वेगळा. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. आधी त्याच्या खाचेची मूळ जागा मार्करनं खुणावून ठेवा. आवाज मोनो करून, म्हणजे डावी-उजवी वाहिनी एकत्र करून, हेडफोन लावा, टेप चालू ठेवून बिनचुंबकी स्क्रूड्रायव्हरनं तो पाव फेऱ्याहून कमी इकडेतिकडे फिरवा. टाळ-झांजांची किणकिण जिथे सगळ्यात उजळ होते तिथे थांबा. मोनो करायचं कारण असं, की कोन चुकला की डाव्या-उजव्या वाहिन्या एकमेकांना खातात आणि चूक लगेच कानाला कळते. ही जागा प्रत्येक कॅसेटला वेगळी येते. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा.

आवाज मधूनच बुडतो आणि एका बाजूला कलतो, तेव्हा कॅसेटच्या मधल्या खिडकीत डोकवा. तिथली पितळी पट्टीवरची नमद्याची गादी गळून पडलेली असते. पाच स्क्रूंची स्वस्त कॅसेट आणा, स्वच्छ पांढऱ्या कापडावर उघडा, तिची टेप काढून जुनी टेप तिच्या कवचात घाला. दोन्ही कोपऱ्यांतल्या गोल चाकांवरून टेप गेली आहे ना, आणि पातळ चकचकीत कागद दोन्ही बाजूंना आहेत ना, हे पाहून मग स्क्रू आवळा. जुनी कॅसेट स्क्रूविना चिकटवलेली असेल तर जोडाच्या रेषेत पातळ सुरी हलक्या हातानं फिरवत न्यावी लागते.

डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे टेपेची खरखर दाबणाऱ्या सोयीचं, बटण बंद ठेवा. घरच्या टू-इन-वनवर रेडिओवरून भरलेल्या टेपांत डॉल्बी नसतं. ते चालू केलं तर उरलासुरला उजळपणाही जातो.

वेग गृहीत धरणं

शिवारात किंवा जत्रेत सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरनं भरलेली टेप हमखास दगा देते. सेल उतरत आले की मुद्रणाचा वेग मंदावतो आणि आज नेमक्या वेगानं लावली की गाणारी बाई पोरीसारखी बारीक ऐकू येते. टेपवर वीजप्रवाहाची गुणगुण असेल तर ती मोजा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरात एक प्रत ४८ किलोहर्ट्झची करून 'प्लॉट स्पेक्ट्रम'चा आकार ६५५३६ ठेवा. वीज ५० हर्ट्झची, पण आलेखात ५०पेक्षा तिच्या तिपटीचं, १५० हर्ट्झजवळचं शिखर पाहणं बरं, तिथे फरक तिपटीनं दिसतो. शिखर १५६वर असेल तर टेप चार टक्के जलद आहे. वेग ३.८५ टक्के कमी करा.

मात्र टेप थांबवूनही नेमकं १५०वर शिखर दिसत असेल, तर ती तुमच्या डेकची आजची गुणगुण. त्या शिखरावर भरवसा ठेवू नका. शिवाय त्या काळी वीजपुरवठ्याची वारंवारताही जागेवर नसायची, एक-दोन टक्क्यांची चूक धरा. दुसरा साक्षीदार पेटी. तिचे स्वर सहजासहजी हलत नाहीत. पेटी दोन पट्ट्यांच्या मध्येच अडकलेली वाटली तर वेग चुकला आहे. सुमारे सहा टक्क्यांनी एक पट्टी सरकते, हे प्रमाण लक्षात ठेवा. तुणतुण्यावरून वेग ठरवू नका, गायक ते आपल्या गळ्याप्रमाणे लावतो.

एमपी-थ्रीत साठवणं, माइकच्या भोकात वायर

मूळ फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या. ४८ किलोहर्ट्झपेक्षा खाली जाऊ नका. दोन वाहिन्यांची तासाभराची अशी फाइल सुमारे दोन जीबी होते, म्हणजे सी-साठच्या (दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांच्या) एका कॅसेटला दोन जीबी. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलची मर्यादा चार जीबीची, म्हणून प्रत्येक बाजूची स्वतंत्र फाइल करा. ऐकायला पाठवायच्या प्रती खुशाल एमपी-थ्रीत काढा.

लॅपटॉपचं एकुलतं एक भोक हेडसेटच्या माइकसाठी असतं. डेकच्या लाइन आउटचा जोर त्याला झेपत नाही आणि पोवाड्याची प्रत्येक ललकारी फाटते. लाइन इन असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या. सर्वांत मोठ्या आवाजाला पातळी उणे सहा ते उणे दहा डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. डफावर थाप पडण्याआधी शांतता असते, त्या शांततेवर पातळी ठरवली की थाप वर जाते. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

टेप मोनो असली तरी दोन्ही वाहिन्या घ्या. नंतर जी जास्त स्वच्छ ती ठेवता येते. एक वाहिनी चुरगळलेली आणि दुसरी धडधाकट असणं नेहमीचंच.

खरखर काढायची घाई, निवेदन कापायची घाई

खरखर काढणारी सॉफ्टवेअरं टाळ, झांज आणि तुणतुण्याच्या तारेची झिणझिण यांना खरखरच समजतात. मध्यम लहरींवरून आलेला आवाज मुळातच चार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचा. त्यातलं वरचं टोक खाल्लं की संबळ पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मूळ फाइलवर काही करू नका. प्रत काढा, तिच्यावर खेळा.

त्याहून मोठी चूक म्हणजे गाण्याच्या पुढचं-मागचं बोलणं कापून टाकणं. 'आता ऐकू या…' नंतरची तीन नावं हीच त्या ढोलकीवाल्याची, त्या झीलकऱ्यांची जगातली एकमेव नोंद असू शकते. पुढच्या बातमीपत्राची दोन वाक्यंही राहू द्या, तारीख त्यांच्यातूनच निघते. कॅसेटच्या कागदावरचं बॉलपेनचं लिखाण, डब्यावरचा क्रमांक, सगळ्याचे फोटो काढून फाइलच्या शेजारीच ठेवा. फाइलला 'छान गोंधळ नवीन फायनल २' असं नाव देऊ नका. 'पुणे-१९८३-कॅसेट०७-बाजू२' असं द्या, आणि साल अंदाजाचं असेल तर नावात 'अंदाजे' घाला.

लगेच यूट्यूबवर चढवणं

लोकगीत म्हणजे कुणाचंच नाही, हा गैरसमज. रेडिओवरच्या कित्येक 'लोकगीतां'ना ठाऊक असलेला कवी आणि संगीतकार आहे. भारतीय कायद्यात कलावंताचा हक्क पन्नास वर्षांचा, प्रसारणाचा पंचवीस वर्षांचा आणि प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा साठ वर्षांचा. घरात जपणं वेगळं, जगाला वाटणं वेगळं. कलावंताच्या घरच्यांना विचारा, आणि आधी त्यांना एक प्रत द्या. पुष्कळदा त्यांनी तो आवाज कैक वर्षांत ऐकलेला नसतो.

प्रती तीन ठेवा : दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. सीडीवर विसंबू नका. मूळ कॅसेट फेकू नका. ती बाजू पूर्ण वाजवून, रिवाइंड न करता, उभी ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली नको, स्पीकरजवळ नको, डांबरगोळ्यांच्या कपाटातही नको, त्यांच्या वाफेनं कॅसेटचं कवच चिकट होतं. घराच्या आतल्या भिंतीलगतचं मधलं फळकूट चालेल.