चेनसॉच्या बारला ऑइल येत नाही? लगेच पंप खोलू नका

कोकणातल्या वाड्यांमध्ये आता 58 सीसीचा, 22 इंची बारचा पेट्रोल चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची चेनची करवत, सर्रास दिसतो. बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी. बार कोरडा पडला की ‘पंप गेला’ असं म्हणून लगेच नवा पंप बसवला जातो. बरेचदा जुना पंप चांगलाच असतो. ऑइल अडलेलं असतं त्याच्या पुढे, भुशात. म्हणून शोध बारच्या टोकाकडून सुरू करायचा आणि मागे टाकीपर्यंत यायचं.

ऑइलची वाट अशी आहे. टाकीत नळीच्या टोकाला फिल्टर लोंबत असतो. नळीतून ऑइल पंपात जातं, पंपातून बॉडीच्या भोकातून बाहेर येतं, समोर बारला असलेल्या बारीक भोकातून बारच्या कडेच्या, चेन फिरते त्या खाचेत उतरतं आणि तिथून चेनच्या खालच्या दात्यांबरोबर बारच्या नाकापर्यंत पोचतं. पंपाला फिरवतो तो चेन चालवणाऱ्या क्लच ड्रममागचा वर्म गिअर, म्हणजे पेचासारख्या दात्यांचा गिअर. बऱ्याच मशीनवर चेन थांबली की पंपही थांबतो, त्यामुळे मशीन नुसतं आयडलवर ठेवून ऑइल बघण्यात अर्थ नाही.

खात्री करायला फिकट रंगाचा पुठ्ठा किंवा नुकताच कापलेला ओंडका घ्या. बारचं टोक त्यापासून 20 सेंटिमीटरवर धरा आणि पाऊण रेस द्या. मिनिटभरात ऑइलची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. चेन जमिनीला लागू देऊ नका. दुसरी खूण टाकीची. या मशीनमध्ये पेट्रोल साधारण 550 मिली आणि ऑइल 260 मिली मावतं. दोन्ही टाक्या भरून काम सुरू करा. पेट्रोल संपेल तेव्हा ऑइल थोडंसंच उरलेलं असावं. निम्म्याहून जास्त उरलं तर बार उपाशी आहे. पेट्रोलच्या आधीच ऑइल संपलं तर ऑइलच्या सेटिंगचा स्क्रू फिरवून प्रवाह कमी करा, नाहीतर शेवटची काही मिनिटं चेन कोरडी चालते.

धूर आला म्हणजे ऑइल नाही, असंही नाही. भुशाकडे बघा. पिठासारखा बारीक पडत असेल तर चेन बोथट आहे. आधी कानशीने धार लावा.

आता खोलायचं. इंजिन थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला. या मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो, म्हणून कव्हर काढण्याआधी चेनब्रेक सोडलेला हवा. तो लागलेला असताना कव्हर ओढून काढलं तर परत बसता बसत नाही. कव्हर, चेन आणि बार उतरवा. आत काळा, तेलकट भुसा गच्च भरलेला दिसेल. नारळाचा तंतू आणि फणसाचा चीक मिसळला की तो डिंकासारखा चिकटून बसतो. जुन्या टूथब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने तो पूर्ण काढा. बारमागची पातळ पत्र्याची पट्टीही काढून पुसा. ती वाकली असेल किंवा तिच्यामागे भुसा असेल, तर ऑइल बारमध्ये न जाता खाली गळतं: मशीनखाली डाग आणि बार मात्र कोरडा.

बारचं भोक बारीक तारेने मोकळं करा. बारच्या दोन्ही कडांना भोकं असतात, दोन्ही साफ करा. खाच साफ करायला आत सहज बसेल अशी पातळ पट्टी वापरा आणि कचरा मागच्या टोकाकडे ओढून काढा. बार परत लावताना उलटा करून बसवा, म्हणजे झीज दोन्ही बाजूंना सारखी होईल. बार नवा घेतला असेल तर त्याचं भोक बॉडीच्या भोकासमोर येतं का, हे जरूर बघा. लांबी जुळली तरी भोकाची जागा जुळेलच असं नाही.

यानंतरची चाचणी सगळ्यात मोलाची. बार आणि चेन न लावता, प्लगची टोपी बसवून मशीन सुरू करा आणि पंधरा-वीस सेकंद मध्यम रेस द्या. ड्रम उघडा फिरतो, तेव्हा हात, बाही, फडकं लांब ठेवा. बॉडीच्या भोकातून ऑइल झिरपलं तर पंप ठीक आहे आणि दोष बारमध्ये होता. काहीच आलं नाही, तरच मागे जायचं.

मागे गेल्यावर पहिला फिल्टर. टाकी रिकामी करा, वाकवलेल्या तारेने फिल्टर बाहेर ओढा, डिझेलमध्ये धुवा. काळा कडक झाला असेल तर बदला. नळी दाबून बघा. चीर गेली असेल तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. टाकीच्या तळाचा गाळही डिझेलने खळखळून काढा.

ऑइल सुरुवातीला येतं आणि काही मिनिटांनी बंद पडतं, अशी तक्रार असेल तर संशय ऑइलच्या टाकीत हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्या. ऑइल थांबल्यावर इंजिन बंद करून त्या टाकीचं झाकण सोडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि पुन्हा ऑइल सुरू झालं, तर टाकीत हवा जात नाही. व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला. झाकण सैल ठेवून काम भागवू नका.

उरतो वर्म गिअर. स्वस्त मशीनमध्ये तो प्लॅस्टिकचा असतो. ब्रेक लावलेला असताना रेस दिली की क्लच ड्रममध्ये घासतो, ड्रम तापतो आणि गिअरचे दाते वितळतात. पंप बदलायच्या आधी हा गिअर बघा. किमतीत फार फरक आहे. गिअर बघायला क्लच काढावा लागतो. त्याला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडायचा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरी आत सोडा, तिचं टोक बाहेर ठेवा; लोखंडी वस्तू घालू नका. गिअर शाबूत असूनही ऑइल येत नसेल, तर मात्र पंप बदला.

सेटिंगचा स्क्रू बहुधा मशीनच्या खालच्या बाजूला असतो आणि शेजारी कमी-जास्तच्या खुणा असतात. पाव फेरा फिरवा आणि पुठ्ठ्यावर पुन्हा बघा. काही लहान मशीनना हा स्क्रूच नसतो.

जळकं ऑइल घालण्याची सवय सोडा, ही कळकळीची विनंती. त्यातले धातूचे कण पंप आणि बार दोन्ही खातात, शिवाय ते कापणाऱ्याच्या अंगावर उडतं, ते त्वचेला घातक आहे. चेनसाठीचं चिकट ऑइल मिळालं तर तेच घ्या, नाहीतर नवं 20डब्ल्यू-40. 90 नंबरचं गिअर ऑइल या पंपाला जड जातं. खाद्यतेल घातलं तर काम संपताच टाकी रिकामी करा; महिनोन्महिने राहिलं की ते पंपात गोंद होतं.

रात्रभरात मशीनखाली थोडे थेंब पडले तर घाबरू नका, ते बारमधून निथळलेलं असतं. टाकी निम्मी झाली असेल तर नळी, व्हॉल्व्ह आणि पंपाची सील या क्रमाने तपासा.