चार फुगे घ्या, कार्बनचा आकार हातात येतो

मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट, भाचीला कार्बनचे चार बंध (दुसऱ्या अणूंशी जोडणारे हात) कसे पसरतात ते काही केल्या समजेना म्हणून हे केलं; एक फुगा म्हणजे एक बंध. सारख्या साइजचे चार फुगे घ्या, दोन-दोनची गाठ मारा, मग दोन्ही जोड्या मधोमध एकमेकींत पिळा. टेबलावर दाबून सपाट अधिकचं चिन्ह करून बघा, हात काढला की उसळतं आणि तीन खाली एक वर असं बसतं, कारण प्रत्येकाला मोकळी जागा पाहिजे. फुग्यांवर कोन मोजायच्या नादाला लागू नका राव. त्यापेक्षा साबणाचा फाश्यासारखा ठोकळा कापा, एकाआड एक असे चार कोपरे टाचणीनं टोचा. ठोकळ्याच्या केंद्रातून त्या चौघांकडे रेषा काढल्या तर कोन 109.5 अंश, मीथेनमधे (एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन) पण तेवढाच!

आता गंमत बघा, प्लेटोनं आगीला हाच, म्हणजे ते चार कोपरे जोडल्यावर होणारा चार बाजूंचा आकार दिलेला आणि मातीला घन. त्याचं केमिस्ट्रीत चुकलंच, पण गोबरगॅस म्हणजे मुख्यतः मीथेन, तो पेटवताना मला दर वेळी हसू येतं. 1874 ला बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफ या डच केमिस्टनं कार्बनचा हा आकार मांडला, कोल्बे या जर्मन केमिस्टनं त्याची जाम टिंगल केली, पुढं 1901 चं केमिस्ट्रीतलं पहिलंच नोबेल त्यालाच. आम्ही रोज उसाच्या रसाचं पोल काढतो ना, म्हणजे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश रसातून किती फिरतो त्यावरून साखर मोजतो, तर साखर हा प्रकाश फिरवते ती या भूमितीमुळंच, आणि हे मला नोकरीत दहा वर्षं काढल्यावर कळलं.

फुगे अर्धेच फुगवा, आमचे दोन पिळतानाच फुटले.