रानमेवा घरी आणताय? या चुका टाळा

मे महिन्यात सिंहगडाच्या पायथ्याशी पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं दिसली की हात आवरत नाही. जेली करायची म्हणून मी पहिल्या वर्षी दोन किलो आणली, तीही वेचून वेचून अगदी पिकलेली. झालं काय, तर जेलीऐवजी पाक. बरणी कलती केली की धार लागायची.

चूक फळं निवडण्यातच होती. जेली धरते पेक्टिनमुळे, म्हणजे फळातच असलेल्या, रस घट्ट करणाऱ्या घटकामुळे, आणि करवंद पुरतं पिकलं की ते कमी होतं. म्हणून बहुतेक फळं लालसर, कडक घ्या. काळी मूठभर, रंगापुरती. चिरताना पांढरा चीक निघतो, तेव्हा सुरीला आणि बोटांना तेल लावा. स्टीलच्याच पातेल्यात शिजवा. एवढा आंबटपणा ॲल्युमिनियमला चालत नाही. रस फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळलात तर गढूळ होतो. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने ढकला. सुरकुती पडली की गॅस बंद. पुढे उकळत राहिलात तर पेक्टिन मोडतं. जेली धरलीच नाही, तर कच्च्या करवंदांचा थोडा रस घालून पुन्हा एक उकळी काढा. तरीही नाही? सरबत म्हणून द्या, पाहुण्यांना काय कळतंय!

भोकरं लोणच्याला हिरवीच हवीत. पिकलेल्याचा गर डिंकासारखा. फोडून बी काढायची काडी मिठात बुडवत राहा, चिकटा सुटतो.

जांभळाच्या बियांची पूड सुरू केली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद करणारे आमच्या सोसायटीतही आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या बियांनी साखर उतरलेली दिसली आहे, पण म्हणून घरच्या डब्यातला चमचा म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. गोळ्यांबरोबर घेतलीत तर साखर खाली जाऊन घाम, थरथर होऊ शकते. पूड घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. फळ मात्र मीठ लावून खुशाल खा.

आणि ओळख पटल्याशिवाय काहीच तोंडात नको. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या, म्हणून मुलं मूठमूठ खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. अशा वेळी घरी उलटी काढवत बसू नका; उरलेल्या बिया पिशवीत घालून तडक दवाखाना गाठा.