गिटार घेण्याआधी काकांची परीक्षा

वाद्यांच्या दुकानातले काका गिटार हातात देताना म्हणायचे, "वाजवू नकोस, आधी बघ."

एक डोळा मिटून वरच्या टोकाकडून गिटारच्या मानेवर, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावर, नजर टाका. तारांच्या ताणाने ती किंचित पुढे झुकलेली चालते. पिळलेली असेल तर गिटार परत ठेवा. मग बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा सूर, काढा आणि तिथेच तार दाबून वाजवा. सूर तोच हवा. दाबलेला चढा लागला तर सॅडल (खालच्या टोकाला तार जिच्यावर टेकते ती पट्टी) मागे सरकवावं लागतं. अकूस्टिकवर ते कारागिराचंच काम. प्रत्येक फ्रेटवर खरखर येत नाही ना, तेही ऐका.

मी मात्र रंगावर भाळलो होतो. काकांनी ती गिटार काढून घेतली, त्यांच्या मुलीने कोपऱ्यातली ओरखडे पडलेली आणून दिली. अजून तीच वाजवतो.