अपडेटनंतर लॅपटॉप सारखा क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. अमेरिकेतल्या वेळेमुळे आपल्याकडे ते मंगळवारी रात्री उशिरा उतरतं. बुधवारी सकाळी लॅपटॉप अचानक काळा-निळा होऊन रिस्टार्ट व्हायला लागला की संशय थेट अपडेटवर जातो, आणि दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅटने विंडोज नवं होतं, पण दोष ड्रायव्हरमध्ये (वायफाय, ग्राफिक्ससारखे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), एसएसडीत (डेटा साठवणारी डिस्क) किंवा रॅममध्ये असेल तर तो जागेवरच राहतो. विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा उतरवून घेतं आणि आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. शिवाय नेमकं बिघडलं काय, हे सांगणाऱ्या नोंदीही फॉरमॅटमध्ये पुसल्या जातात.

म्हणून आधी डेटा सुरक्षित करा, मग नोंदी वाचा आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल करा. खालची माहिती विंडोज ११ धरून दिली आहे. विंडोज १० वर मेनूंच्या जागा थोड्या वेगळ्या आहेत. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात असू द्या.

चूक १: मागे जाण्याची मुदत हातची घालवणं

अपडेट दोन प्रकारचं असतं. एक दर महिन्याचं, सुरक्षेचं. दुसरं आवृत्ती बदलणारं, उदाहरणार्थ २३एच२ वरून २४एच२. सर्चमध्ये 'विनव्हर' चालवलं की आपण कुठल्या आवृत्तीवर आहोत ते दिसतं.

आवृत्ती बदलल्यानंतर क्रॅश सुरू झाले असतील तर सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी इथे 'गो बॅक' बटण असतं. ते फक्त १० दिवस चालतं, कारण तेवढेच दिवस जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. सी ड्राइव्ह भरला म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर टिक केली की ही वाट त्याच क्षणी बंद होते. जागा हवीच असेल तर व्हिडिओ आणि डाउनलोड्स हलवा, हा फोल्डर ठेवा.

मासिक अपडेट काढायचं असेल तर सेटिंग्ज > विंडोज अपडेट > अपडेट हिस्टरी > अनइन्स्टॉल अपडेट्स. अपडेट काढल्यावर 'पॉज अपडेट्स' करायला मात्र विसरू नका, नाहीतर तेच अपडेट दोन दिवसांत परत बसतं. कमाल पाच आठवडे थांबवता येतं आणि तेवढ्या वेळात पुढच्या महिन्याचं, बहुधा दुरुस्ती असलेलं अपडेट येतं.

डेस्कटॉपपर्यंत पोचताच येत नसेल तर विंडोज सुरू होत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. सलग दोन-तीनदा असं झालं की दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथे ट्रबलशूट > ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स > अनइन्स्टॉल अपडेट्समध्ये दोन्ही प्रकारची अपडेट्स काढता येतात.

चूक २: रिकव्हरी की हातात नसताना बायोस किंवा रिपेअरच्या मागे लागणं

या यादीतली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. इतर चुकांत वेळ जातो, इथे फोटो, हिशेब, प्रबंध कायमचे जाऊ शकतात.

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. आपण बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) कधी सुरू केलेलं नसतं, त्यामुळे ते चालू आहे हेच ठाऊक नसतं. मग बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सिक्युअर बूटची सेटिंग हलवली किंवा मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा आकडा मागतो. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही. 'काढून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

लॅपटॉप अजून सुरू होतोय तोवर हे करा: सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये त्या लॅपटॉपची की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. घरात दोन-तीन लॅपटॉप असतील तर की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा. लॅपटॉप दुसऱ्याच्या अकाउंटने सुरू केला असेल, म्हणजे दुकानदाराच्या, भावाच्या किंवा कंपनीच्या, तर की त्यांच्या अकाउंटमध्ये असते. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा म्हणजे तात्पुरतं थांबवा, चार्जर लावलेला ठेवा आणि बॅटरीही चांगली भरलेली असू द्या. बायोस लिहिलं जात असताना वीज गेली आणि बॅटरीने दगा दिला तर मदरबोर्डच अडकून बसतो.

चूक ३: क्रॅशची स्क्रीन पाहणं, पण वाचणं नाही

क्रॅशच्या स्क्रीनवर खाली एक स्टॉप कोड (क्रॅशचा प्रकार सांगणारा कोड) असतो आणि काही वेळा 'व्हॉट फेल्ड' म्हणून फाइलचं नावही असतं. ही स्क्रीन पूर्वी निळी होती, आता नव्या आवृत्त्यांत काळी आहे. मोबाइलने तिचा फोटो काढा. ती डोळ्यांदेखत निघून जात असेल तर सर्चमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' उघडून 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा आणि तिथेच 'स्मॉल मेमरी डंप' (क्रॅशची छोटी नोंद-फाइल) निवडा.

यानंतर 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. सर्चमध्ये एवढंच टाइप केलं तरी सापडतं. तारखांचा एक आलेख येतो. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली असते आणि त्याच दिवसाखाली कुठलं अपडेट, कुठला ड्रायव्हर, कुठलं सॉफ्टवेअर बसलं तेही दिसतं. इथे अनेकदा चित्र पालटतं: लाल फुल्या अपडेटच्या आठ दिवस आधीपासूनच असतात, आपलं लक्ष नव्हतं इतकंच. फुल्या अपडेटच्या तारखेपासूनच सुरू होत असतील तर संशय पक्का धरा. नोंदीत 'लाइव्ह कर्नल इव्हेंट' आणि त्यापुढे १४१ किंवा ११७ दिसलं तर ग्राफिक्स चिप किंवा तिचा ड्रायव्हर अडखळतोय.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या ॲपमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवरून बरेच लोक पॉवर सप्लाय किंवा बॅटरी बदलून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की लॅपटॉप नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये आहे. तिथे 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला स्टॉप कोड नोंदवायला वेळच मिळाला नाही: वीज तुटली, उष्णतेने यंत्र बंद पडलं किंवा सगळं जागीच गोठलं. 'पॉवरबटणटाइमस्टॅम्प'मध्ये शून्याऐवजी मोठा आकडा असेल तर कोणीतरी बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केलाय. बगचेककोडचा आकडा दशमान पद्धतीत असतो. १५९ म्हणजे 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', बहुतेक वेळा स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना अडकणारा ड्रायव्हर. २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. ३०७ म्हणजे 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन', यात स्टोरेज आणि वायफायचे ड्रायव्हर आधी तपासा. २९२ म्हणजे 'व्हिआ अनकरेक्टेबल एरर', इथे मात्र हार्डवेअरकडेच वळा.

विंडोज फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मध्ये प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल साठते. ती मायक्रोसॉफ्टच्या मोफत विनडीबीजीमध्ये किंवा ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये उघडता येते. वाचताना एक सावधगिरी: आरोपी म्हणून 'एनटीओएसकर्नल'चं नाव वारंवार येतं. तो विंडोजचा गाभा आहे. गडबड दुसऱ्याने केलेली असते आणि पकडला जातो तो. त्यावरून विंडोज खराब झालं असा निष्कर्ष काढू नका, तीन-चार डंपमध्ये त्याच्याशिवाय कुठलं नाव परत परत येतं ते शोधा. 'एनव्ही'ने सुरू होणारी फाइल बहुधा एनव्हिडियाची, 'आरटी'ने सुरू होणारी बहुधा रिअलटेकची, 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू' इंटेलच्या वायफायची. प्रत्येक वेळी कोड वेगळा आणि फाइलही वेगळी येत असेल तर रॅमवर संशय घ्या.

मिनीडंप फोल्डर रिकामा असेल तर एखाद्या क्लीनरने डंप उडवलेत किंवा 'स्पीड वाढतो' म्हणून कोणीतरी पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद केली आहे. पेजिंग फाइलशिवाय डंप लिहिला जात नाही. ती पुन्हा सुरू करा.

चूक ४: ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणं

'तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत' असं लाल अक्षरांत सांगणारी ॲप्स काढून टाका. लॅपटॉपचे ऑडिओ, टचपॅड, ग्राफिक्स आणि पॉवरचे ड्रायव्हर कंपनीने त्या मॉडेलसाठी जुळवलेले असतात. त्यावर कुठलाही सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला की स्लीप, ब्राइटनेस, आवाज यांपैकी काहीतरी बिघडतं. विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'च्या ड्रायव्हर यादीत सगळ्यांवर टिक करणं ही त्याच जातीची चूक आहे. जे चालतंय त्याला हात लावू नका.

संशयित ड्रायव्हर सापडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीज > ड्रायव्हर > 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरून पाहा. ते बटण फिकं असेल तर लॅपटॉपच्या खाली छापलेला सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग कंपनीच्या सपोर्ट साइटवर टाका आणि तिथला ड्रायव्हर घ्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढायचा असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा, पण नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा. नाहीतर तुम्ही काढताय तोवर विंडोज स्वतःच्या पसंतीचा बसवून टाकतं.

ड्रायव्हरच्या एका आकड्याने किती फरक पडतो याचा चांगला नमुना म्हणजे इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी. ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर या ऑडिओ ड्रायव्हरची १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ ही आवृत्ती असेल तर विंडोज ११ निळ्या स्क्रीनवर जायचं. शेवटचा आकडा ५७१४ किंवा त्यापुढचा असला की त्रास नाही. मायक्रोसॉफ्टने अशा लॅपटॉपना नवी आवृत्ती देणं थांबवून ठेवलं होतं. 'सगळ्यांना आलं, मलाच येत नाही' म्हणून इन्स्टॉलेशन असिस्टंट किंवा आयएसओने (विंडोजच्या इन्स्टॉलेशन फाइलने) जबरदस्तीने अपडेट घालणारे नेमके अशाच खड्ड्यात जातात. अपडेट अडलं असेल तर ते का अडलंय ते आधी बघा.

चूक ५: एसएसडीचं फर्मवेअर विसरणं

२४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी एसएसडी असलेल्या यंत्रांवर निळ्या स्क्रीनचा सपाटा सुरू झाला. या एसएसडींना स्वतःची डीरॅम (कामापुरती मेमरी) नसते, त्या लॅपटॉपच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात. जुनं विंडोज ६४ एमबी द्यायचं, नव्याने २०० एमबी द्यायला सुरुवात केली आणि एसएसडीच्या फर्मवेअरला (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरला) ते झेपलं नाही. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं आणि प्रश्न सुटला. अशा लॅपटॉपवर कितीही वेळा फॉरमॅट मारला असता तरी २४एच२ बसताच पुन्हा तेच झालं असतं. एसएसडी कुठल्याही कंपनीची असो, तिचं स्वतःचं मोफत टूल उतरवून फर्मवेअर आणि आरोग्य दोन्ही तपासा. अर्थात, बॅकअप घेऊनच.

चूक ६: एसएफसीला रामबाण समजणं

डीआयएसएम आणि एसएफसी ही विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारी त्यातलीच टूल्स आहेत. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून आधी डीआयएसएमची 'रिस्टोअर हेल्थ' आज्ञा द्यावी आणि ती पूर्ण झाल्यावर एसएफसीची 'स्कॅननाऊ'. क्रम महत्त्वाचा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतं तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं. मधेच आकडा अडकल्यासारखा वाटला तरी खिडकी बंद करू नका. हे दोन्ही फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइली नीट करतात. ड्रायव्हर, फर्मवेअर, रॅम यांना ते हातही लावत नाहीत. एकदा करून 'काही चुकीचं आढळलं नाही' असं आलं की पुढे चला, तेच दहा वेळा चालवत बसू नका.

चूक ७: दोन अँटिव्हायरस, जुनी डाँगल आणि शटडाउन

अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्याजवळ काम करतो. १९ जुलै २०२४ रोजी जगभर सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली ती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष फाइलमुळे, विंडोज अपडेटमुळे नव्हे. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा, तोही त्या कंपनीच्या रिमूव्हल टूलने. डीटीपीच्या जुन्या पॅकेजची किंवा अकाउंटिंगची यूएसबी डाँगल (सॉफ्टवेअर चालू करणारी चावी) वापरत असाल तर तिचा जुना ड्रायव्हर अडतोय का ते पाहायला विंडोज सिक्युरिटी > डिव्हाइस सिक्युरिटी > कोअर आयसोलेशनमध्ये विसंगत ड्रायव्हरची यादी बघा.

आणि कुठलाही बदल केल्यावर शटडाउन नको, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो, त्यामुळे आधीचीच गडबड सकाळी जशीच्या तशी उठते.

हार्डवेअर की विंडोज, हे ठरवायचं कसं

एवढं करूनही क्रॅश थांबले नाहीत तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं टूल पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. एक जरी एरर आली तरी रॅम सदोष धरा. नंतर घातलेली रॅम असेल तर ती काढून पुन्हा चाचणी घ्या. त्यानंतर उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा पेनड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावरूनच लॅपटॉप दोन-तीन तास वापरा, व्हिडिओ चालवा, थोडा तापू द्या. तिथेही बंद पडला तर विंडोज अपडेटचा संबंध नाही. पंखा, थर्मल पेस्ट, रॅम, मदरबोर्ड या दिशेने जा. तिथे व्यवस्थित चालला तर ड्रायव्हरकडे परत या, पण या चाचणीत विंडोजची एसएसडी जवळपास वापरलीच जात नाही, तेव्हा तिचं आरोग्य वेगळं तपासा.

सर्व्हिस सेंटरला देताना स्टॉप कोडचे फोटो, मिनीडंपच्या फाइली, मेमटेस्टचा निकाल आणि कुठल्या तारखेपासून त्रास आहे ते लिहून द्या. वॉरंटीत असेल तर जॉबशीटवर 'स्लो आहे' असं मोघम लिहू देऊ नका, स्टॉप कोड लिहायला लावा आणि 'डेटा पुसण्याआधी फोन करावा' ही ओळ तुमच्यासमोर टाकून घ्या.