इंजिन बदलल्यावर डर्ट बाईकची चेन सारखी उतरत असेल तर : माझा अनुभव

जालन्याजवळच्या आमच्या शेतात वापरात असलेल्या ११० सीसीच्या जुन्या डर्ट बाईकला दुसरे इंजिन बसवले आणि त्यानंतर गाडी वेग घेताना प्रत्येक वेळी चेन पुढच्या स्प्रॉकेटवरून (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावरून) उतरू लागली. चेन आधी ताणली, मग नवी ४२० नंबरची घातली, मागचे स्प्रॉकेटही बदलले. पण काळ्या मातीच्या ढेकळांतून जाताना ती पुन्हा उतरलीच. तीन आठवडे यात वाया गेल्याने मी फार वैतागलो होतो.

अखेर चेन काढली आणि मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला पोलादी पट्टी टेकवून पुढे नेली, तेव्हा पुढचे स्प्रॉकेट उजवीकडे, म्हणजे आत, सुमारे चार मिलिमीटर सरकलेले दिसले. नव्या इंजिनाचे कान, म्हणजे ते फ्रेमला बोल्टने जोडायचे भाग, जुन्यापेक्षा अरुंद होते आणि बसवताना प्रत्येक बोल्टचे दोन्ही वॉशर डावीकडेच घातले गेले होते. इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही माउंटिंग बोल्ट एकेक करून काढले, दोन-दोन मिलिमीटरचे ते वॉशर उजव्या बाजूला घेतले आणि बोल्ट आधी फक्त हाताने लावले. पट्टी पुन्हा टेकवून दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत असल्याची खात्री केल्यावरच नट आवळले. मग मागच्या चाकाचे चेन ताणायचे दोन्ही ॲडजस्टर सारख्या खुणेवर आणून चेनला मधोमध वीस-पंचवीस मिलिमीटर ढील ठेवली. एक्सल आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. सायलेन्सर फ्रेमला घासत नाही ना, हेही शेवटी पाहिले.